ठासणीच्या बंदुकीतली दारू

आमच्या दुकानात 'दारू' हा शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारला जातो आणि पहिल्यांदाच आलेला माणूस प्रत्येक वेळी जरा चपापतो. आमची दारू बंदुकीची. पुण्याच्या पूर्व भागातल्या एका अरुंद गल्लीत आमचं बंदुका दुरुस्त करण्याचं दुकान आहे. आजोबांनी ते सुरू केलं, अब्बांनी वाढवलं आणि गेली अकरा वर्षं परवाना माझ्या नावावर आहे. दोन्ही भाऊ नोकरीला लागले. मी रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाले, दोन वर्षं एका शाळेत शिकवलं, आणि मग अब्बांचे हात कापायला लागले तेव्हा खडूच्या जागी कानस हातात घेतली. घरात आम्ही आमची पुणेरी दख्खनी बोलतो, पण माझी शाळा मराठी, गिऱ्हाईकं मराठी, त्यामुळे लिहायला बसले की मराठीच येते.

आजोबांच्या काळात दुकानात शिकारी यायचे. भोरचे, मुळशीचे, काही थेट साताऱ्याकडचे. शिकारीवर बंदी आली आणि ती गर्दी संपली. आता येतात ते वेगळे लोक. ज्यांच्या घरात पणजोबांची बंदूक आहे आणि परवाना सांभाळायचा आहे असे. किंवा ज्यांना पीक राखण्यासाठी परवाना मिळालेला आहे असे शेतकरी. त्यांच्याकडे बहुतेक ठासणीच्या बंदुका असतात. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गजानं ठासायची, मागच्या बाजूला एका बारीक तोटीवर ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवायची, घोडा चढवायचा आणि चाप ओढायचा. त्या तोटीला आम्ही निपल म्हणतो.

आजोबांच्या वेळेपासून एक वाद या दुकानात चालत आलेला आहे. ठासणीच्या बंदुकीत काळी दारू घालायची की बिनधुराची? काळी म्हणजे कोळसा, गंधक आणि सोरा. ती जळते तेव्हा पांढऱ्या धुराचा असा लोट उठतो की समोरचं काही दिसत नाही. जुने शिकारी याला फार वैतागायचे. बार काढल्यावर डुक्कर पडलंय की आपल्याच अंगावर येतंय, हे धूर विरेपर्यंत कळायचं नाही. शिवाय काळी दारू नळी घाण करते, दमट हवेत पाणी धरते आणि त्याच दिवशी गरम पाण्यानं नळी धुतली नाही तर आतून गंज चढतो. बिनधुराच्या दारूत यातलं काही नाही. म्हणून प्रत्येक पिढीत कोणीतरी विचारायला येतंच की, हीच का नको?

आमचं उत्तर एकच. नको. अब्बा याबद्दल कधी लांबलचक बोलले नाहीत. "आपल्या हातून गेलेली नळी आजवर फुटलेली नाही," एवढंच म्हणायचे, आणि हे वाक्य म्हणताना त्यांची पाठ किंचित ताठ व्हायची.

नळी तपासायला त्यांनी मला बोटांनी शिकवलं. आतून दिवा टाकून बघायचं ते आहेच, पण बाहेरून बोटंच फिरवायची. डोळे मिटून. नळीच्या मागच्या टोकापासून सुरुवात करायची, अंगठा आणि तर्जनी यांच्या कड्यातून नळी हळूहळू सरकू द्यायची. नळी पुढे निमुळती होत जाते. कुठे ती निमुळती व्हायची थांबली, किंवा केसाएवढी जाड झाली, तर तिथे लोखंड आतून ढकललं गेलेलं असतं. त्याला फुगवटा म्हणतात. डोळ्यांना तो दिसेलच असं नाही.

गेल्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी दोघे जण आले. एक पासष्टीचे, पांढरा सदरा, टोपी, लोणी काळभोरच्या पुढे ऊस करणारे. त्यांच्या हातात कापडी खोळीत गुंडाळलेली बंदूक आणि परवान्याचं पुस्तक. दुसरा पस्तिशीचा, त्यांचा जावई, हिंजवडीला कंपनीत इंजिनिअर.

"मालक न्हाईत का?" काकांनी विचारलं.

"मीच आहे. बसा."

त्यांनी एकदा मागच्या दाराकडे पाहिलं, तिथून कोणी येत नाही म्हटल्यावर बसले. निपल सैल झालं होतं, ते घट्ट करून हवं होतं. रानडुकरं उसात शिरत होती, रात्रीत चार-चार सरी आडव्या करत होती. मी बंदूक हातात घेतली. जुनं, चांगल्या हातानं केलेलं काम होतं. दस्त्यावर पितळेची नक्षी, घोड्याला मोराची मान. पण निपलचे आटे असे खाल्ले गेले होते की ते बोटानंही हलत होतं. नुसत्या वापरानं आटे असे जात नाहीत.

"यात कोणती दारू घालता?" मी विचारलं.

"काळी," काका म्हणाले.

तोवर जावयानं फोन काढला होता. "मॅडम, अ‍ॅक्च्युअली तेच डिस्कस करायचं होतं. मी बराच रिसर्च केलाय. स्मोकलेस इज बेटर इन एव्हरी वे." मग त्यानं फोनवर पाहून एकेक मुद्दा सांगितला. धूर नाही. घाण नाही. दमट हवेत खराब होत नाही. थोड्याशा दारूत जास्त जोर. प्रत्येक वाक्याला मी मान हलवत होते, कारण त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं.

"मग प्रॉब्लेम काय आहे?"

"जास्त जोर, हाच," मी म्हटलं. "काळी दारू कोंडली तरी आपल्या चालीनं जळते. बिनधुराची जितकी कोंडाल तितकी जास्त वेगानं जळते. जळली की दाब वाढतो, दाब वाढला की ती आणखी वेगानं जळते. शिट्टी तुंबलेली आहे असा कुकर समजा. तो तुम्ही गालाला लावून उभे आहात."

"पण अ‍ॅब्रॉड स्मोकलेसचे मझललोडर मिळतात. मी व्हिडिओ पाहिलेत."

"मिळतात की. त्यांच्या नळीचं पोलाद त्याच दारूसाठी बनवलेलं असतं, तपासूनच बाजारात येतं. ही नळी तुमच्या सासऱ्यांच्या आजोबांच्या वेळची आहे. हिला घडवणाऱ्या लोहारानं बिनधुराची दारू डोळ्यांनी पाहिलेली नसणार."

"क्वांटिटी कमी केली तर?"

"तरीही नाही."

त्यानं सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे छताकडे पाहत होते. जावयाचं म्हणणं खोडायचं नाही आणि माझंही तोडायचं नाही, अशा अडचणीत माणूस सापडला की छताकडेच पाहतो.

मी नळी सुटी केली, पुसली आणि डोळे मिटून कड्यातून सरकवू लागले. मागून चार बोटांवर नळी जाड लागली. स्पष्ट. पुढे सरकले. आणखी वीतभर अंतरावर पुन्हा काहीतरी लागलं, फार बारीक, इतकं की मी परत मागे आले आणि पुन्हा गेले. तीनदा गेले. तिन्ही वेळा ते तिथेच होतं.

"यात बिनधुराची दारू घातली गेली आहे," मी डोळे उघडून म्हटलं. "दोन वेळा. दोन फुगवटे आहेत."

"न्हाई हो," काका पटकन म्हणाले. "कधीच न्हाई."

जावई फोनमध्ये पाहत होता. त्याचा कान लाल झाला होता.

मी निपल बसवून देणार नाही, असं सांगितलं. ते बसवलं असतं तर बंदूक पुन्हा चालली असती, आणि ती चालू नये हीच माझी इच्छा होती. जावई म्हणाला, पुण्यात तुमचं एकच दुकान नाही. मी म्हटलं, नाहीच आहे. पण जाताना एक चिठ्ठी घेऊन जा. दुकानाच्या छापील कागदावर मी लिहिलं की या नळीला दोन ठिकाणी फुगवटे आहेत, ही बंदूक कोणत्याही दारूनं चालवू नये, चालवल्यास नळी फुटून जिवाला धोका आहे. खाली सही केली, शिक्का मारला. अब्बांनी अशा चिठ्ठ्या लिहिलेल्या मी पाहिल्या होत्या. माझी ही पहिलीच. काकांनी ती दुमडून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि दोघे गेले.

दुपारी घरी जेवायला बसले तेव्हा अब्बांना सगळं सांगितलं. अब्बा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. एका डोळ्यानं अंधुक दिसतं. त्यांनी पहिल्या फुगवट्याबद्दल काही विचारलं नाही. दुसऱ्याबद्दल विचारलं.

"किती होता?"

"नखावर नख ठेवल्यावर मध्ये राहील तेवढाही नाही."

"तुला शंका आहे?"

शंका नव्हती. पण चिठ्ठीवर माझी सही होती, आणि त्या दोघांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होतं की त्यांनी मला मोजलं आणि मी कमी भरले. "शंका नाही," मी म्हटलं.

"मग जेव," अब्बा म्हणाले आणि त्यांनी आमटीचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

आठ-दहा दिवसांनी काका पुन्हा आले, एकटेच. मार्केट यार्डात कांदा घेऊन टेम्पो आला होता, तो उतरवून घेईपर्यंत इकडे आले होते. बंदूक बरोबर होतीच. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, आणि मग खाली पाहूनच बोलायला लागले.

"ताई, त्या दिशी मी खोटं बोललो. जावईबापूंसमोर कसं सांगायचं? त्यांनीच आनली व्हती ती दारू. म्हनले, बघा तरी एकदा. पोरगी म्हायेरपनाला आलेली, समदी खळ्यावर उभी. म्हनलं, कशाला मन मोडायचं."

"काय झालं?"

"आवाज येगळाच झाला. आपला बार कसा, धडाम आन् मंग घुमत जातो. ह्यो फाटकन झाला, पत्रा फाटल्यावानी. तांब्याच्या टोपीचा तुकडा कानाजवळनं गेला. दोन दिस कानात शिट्टी वाजत व्हती. घरात कुनाला बोललो न्हाई."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. माझ्याकडून गेल्यावर ते दुसऱ्या एका मिस्त्रीकडे गेले होते. कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्याला माझी चिठ्ठी दाखवली. तो हसला. बाईमाणसाच्या बोटांवर काय विश्वास ठेवता, निपलला वेल्डिंग मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा, असं म्हणाला.

"तवा मला कसंतरीच वाटलं, ताई. तुमी नळी हातात धरून डोळं मिटलं व्हतं, ते मी बघितलं व्हतं. त्यानं तर खोळसुदिक सोडली न्हाई. बघितल्याबिगर हसला." त्यांनी पेला खाली ठेवला. "पन एक इचारू का? रागावू नका. तुमी दोन फुगवटं म्हनला. बार तर म्या एकच काढला. पोरीची शप्पत. म्हनून मनात आलं, एक खरा आन् एक चुकीचा असंल. तुमचं वडील हायेत म्हनं. त्यास्नी दाखवता का?"

मला राग आला नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. पण प्रश्न रास्त होता. माझ्या चिठ्ठीत दोन लिहिलं होतं आणि त्यांच्या हिशेबात एकच बसत होता. मी घरी फोन केला.

अब्बा दुकानात येऊन वर्ष उलटून गेलं होतं. भाचा त्यांना रिक्षातून घेऊन आला. त्यांनी इस्त्रीचा कुर्ता घातला होता. काकांना सलाम केला, स्वतःच्या जुन्या स्टुलावर बसले आणि हात पुढे केले. किती फुगवटे, कुठे आहेत, हे आम्ही कोणीच बोललो नाही. फोनवर मी फक्त एवढंच सांगितलं होतं की नळी बघायची आहे. घरी जेवताना झालेलं बोलणं त्यांना आठवत असेल की नाही, मला माहीत नव्हतं. कधीकधी त्यांना सकाळचं संध्याकाळी आठवत नाही.

त्यांचे हात नेहमीसारखे कापत होते. नळी हातात आली आणि कंप कमी झाला. पूर्ण थांबला नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्या कड्यातून नळी सरकू लागली. चार बोटांवर ते थांबले. "हा एक," म्हणाले. मग पुढे गेले. वीतभर पुढे गेले, आणखी पुढे गेले, थेट तोंडापर्यंत गेले आणि बोटं काढून घेतली.

"एकच सापडला मला."

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि त्या न पाहण्यात पुष्कळ सभ्यता होती. अब्बांच्या बोटांनी पंचावन्न वर्षं नळ्या तपासल्या होत्या.

अब्बांनी नळी खाली ठेवली नव्हती. ती मांडीवर तशीच होती. "बेटा, पाणी आण," ते म्हणाले. मी पेला भरून दिला. ते पाणी प्यायले नाहीत. दोन्ही बोटं पेल्यात बुडवली, कुर्त्याला पुसली आणि नळी उलटी फिरवून तोंडाकडून मागे यायला सुरुवात केली. या वेळी फार सावकाश. समोर रस्त्यावर कोणीतरी गाडी लावण्यावरून भांडत होतं. पहिला फुगवटा वीतभर अंतरावर राहिला असताना अब्बांची बोटं अडली. ते मागे गेले, पुन्हा आले, पुन्हा अडली.

"दोन आहेत," ते म्हणाले. मग काकांकडे तोंड करून त्यांच्याशी मराठीत बोलले. "पाटील, दोन आहेत. दुसरा माझ्या हातून निसटला असता. हिच्या हातून निसटला नाही."

काकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग काकांनी खिशातून फोन काढला आणि जावयाला लावला. स्पीकर त्यांनी मुद्दाम लावला की चुकून लागला, मला अजून कळलेलं नाही.

"जावईबापू, खरं सांगा. म्या सोडून आनिक कुनी बार काढला व्हता का?"

"बाबा... एकदा. तुम्ही बाजाराला गेला होता तेव्हा. मी फक्त ट्राय केलं."

"पोरगी कुटं व्हती?"

"अंगणात. लांब होती."

काकांनी फोन बंद केला. परवाना काकांच्या नावावर, बार जावयानं काढलेला, म्हणजे कायद्यानं गुन्हाच. खरं तर हे बोलणं माझ्या कानावर यायला नको होतं. पण माझ्या चिठ्ठीतल्या दोन या आकड्याला आता दोन माणसं मिळाली होती. मी अब्बांकडे पाहिलं. ते पेल्यातलं राहिलेलं पाणी पीत होते, आणि त्यांची पाठ ताठ होती. आजवर त्यांची पाठ अशी ताठ झाली ती त्यांच्या स्वतःच्या कामाबद्दल बोलताना. त्या दिवशी ती माझ्या कामासाठी होती. मी चाळिशी ओलांडलेली बाई आहे, तरी ते बघून मला मागच्या खोलीत जाऊन लेथवरचा कीस उगाचच झाडावा लागला.

बंदूक काकांनी दुकानातच जमा केली. त्यानंतर परवान्याच्या कचेरीत अर्ज, पोलीस ठाण्याचा दाखला आणि आम्हा दोघांचे मिळून पाच-सहा खेटे झाले. शेवटी ती कायमची निकामी करायची परवानगी मिळाली. निपलचं भोक मी बुजवलं, नळीतून पोलादी कांब आरपार ठोकली. पितळेची नक्षी मात्र चिंच लावून लख्ख करून दिली. ती आता त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर आहे. त्यांनी परवान्यावर नव्या नळीची दुसरी बंदूक घेतली, तीही ठासणीचीच आणि काळ्या दारूचीच. मीच त्यांना विचारलं होतं, "काका, तुम्हाला डुक्कर मारायचंय की पळवायचंय?" मारायला वन खात्याची परवानगी लागते, ती त्यांच्याकडे नव्हती आणि नकोही होती. पळवायला मोठा घुमणारा आवाज लागतो, गंधकाचा वास लागतो, धुराचा लोट लागतो. शिकाऱ्यांनी ज्या गोष्टींसाठी काळ्या दारूला शिव्या घातल्या, त्या सगळ्या उसाच्या राखणदाराला उपयोगी. हे ऐकून ते पहिल्यांदा मोकळे हसले.

नवी बंदूक तपासून न्यायला ते आले तेव्हा जावईही बरोबर होता. काका परवान्याच्या नोंदी करून घेत होते, तेवढ्यात तो माझ्या टेबलाजवळ आला.

"मॅडम, ती चिठ्ठी माझ्यासाठी होती ना?"

"नळीसाठी होती," मी म्हटलं.

त्यानं टेबलावरची नवी बंदूक हातात घेतली. मग म्हणाला, "धुवायची कशी, ते दाखवाल का? बाबांच्या गुडघ्याला त्रास होतो. ते वाकून करतात. मी शनिवार-रविवार जातोच तिकडे, मी करीन."

मी त्याला मागच्या मोरीवर नेलं. गरम पाणी कसं ओतायचं, गजाला चिंधी कशी गुंडाळायची, पाणी स्वच्छ येईपर्यंत किती वेळा फिरवायची, नळी कोरडी झाल्यावरच तेल का लावायचं, हे सगळं दाखवलं. त्यानं फोन खिशातच ठेवला. शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि मी सांगितलं तसं दोनदा करून दाखवलं. दुसऱ्यांदा त्याचं बरोबर आलं. मी तसं त्याला सांगितलंही.

अब्बांनी मात्र ही गोष्ट दुकानात ठेवली नाही. शुक्रवारी मशिदीतून बाहेर पडताना, दुधाच्या रांगेत, दवाखान्यात रक्तदाब मोजताना, जो भेटेल त्याला ते दुसऱ्या फुगवट्याबद्दल सांगतात. सांगताना दर वेळी फुगवटा आणखी बारीक होत जातो. परवा गल्लीतले एक निवृत्त पोस्टमास्तर दुकानात आले. त्यांच्याकडे बंदूक नाही, कधी नव्हती. काउंटरपाशी उभे राहून म्हणाले, "काही काम नाही. तुमचे वडील म्हणत होते, लेकीची बोटं बघून या म्हणून."

मी हात कॉटनवेस्टच्या बोळ्याला पुसले आणि त्यांच्यासमोर धरले. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिले.

"साधीच तर आहेत," ते म्हणाले, आणि चहा सांगायला बाहेर गेले.